गोधडी कोण धुते?

शकूरभाई गादीवाले खांद्यावर गुंडाळलेली गादी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा पंचफुलाबाईंनी हातातल्या झाडूसकट त्यांची वाट अडवली.

"आमी गादी नाही मांगवली, भाऊ."

"मांगवली आहे."

"कोनं?"

"मॅडमनं."

"मॅडम सतरंजीवर झोपतेत. गादीवर कंबर धरते त्यायची. चुकून आले तुमी. दोन घरं पुढं दाताचा डॉक्टर आहे, त्यानं मांगवली असन."

शकूरभाई हलले नाहीत. एप्रिलची दुपार होती. नांदुऱ्याच्या स्टेशनाकडून येणाऱ्या त्या रस्त्यावर बहुतेक दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली. समोरच्या टेलरच्या दुकानात मात्र दोन माणसं बसलेली, आणि दोघांचेही डोळे इकडेच. शकूरभाईंनी एकदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. गादीचं मागचं टोक एका मुलीनं दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. तिचं तोंड गादीआड होतं. बाजूनं एक वेणी आणि खाली शाळेचे काळे बूट, एवढीच ती दिसत होती.

आतून समता सरकटे बाहेर आल्या. त्यांनी आधी ते बूट पाहिले, मग शकूरभाईंचा चेहरा.

"हाव, मीच मांगवली," त्या म्हणाल्या, टेलरच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात. "किती दिवस लावले हो भाऊ! आणा आत."

गादी आत गेली. मागोमाग बूट आत गेले. पंचफुलाबाई मॅडमच्या कानाशी आल्या.

"एक गादी पोचवाले दोन मानसं येतेत का कुठं?"

"नाही येत. म्हणूनच आत घेतली."

समताबाई मानसशास्त्र शिकलेल्या आहेत, पण नांदुऱ्यात त्यांना कुणी मानसशास्त्रज्ञ म्हणत नाही. गोधडीवाली मॅडम म्हणतात. झोपेत अंथरूण ओलं करणारी, नाहीतर चड्डीत शी होणारी लेकरं त्या बघतात, गेली सत्तावीस वर्षं. हे दुखणं असं, की त्याच्या इलाजाला माणूस आपल्या गावात जात नाही. खामगावचे लोक नांदुऱ्याला येतात, नांदुऱ्याचे अकोल्याला जातात. सकाळच्या गाडीतून उतरलेली, फलाटावर एकमेकांना पाहून पाठ फिरवणारी दोन कुटुंबं अर्ध्या तासानं समताबाईंच्या बाकावर शेजारीशेजारी बसलेली असतात आणि दोन्ही बाप छताचा पंखा बघत असतात.

शकूरभाई तर नांदुऱ्याचेच, दोन गल्ल्या सोडून राहणारे. म्हणजे बाकीचे सगळे दरवाजे ठोठावून झाले होते, आणि इथे यायला त्यांनी गादीचा आडोसा घेतला होता.

खुर्च्या होत्या, पण शकूरभाई आपल्याच गादीच्या कडेवर बसले. मुलगी उभीच राहिली. समताबाईंनी वही उघडली नाही. काय होतंय, कधीपासून होतंय, असलं त्या आधी विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"गोधडी कोण धुते?"

या एका प्रश्नात त्यांना अख्खं घर दिसतं. आई धुते म्हणाली, तर ती अंगणात वाळत घालते की घरामागे काट्यांच्या कुंपणावर, हे त्या विचारतात. 'पोराकडूनच धुवून घेतो, सगळ्याईसमोर, लाज वाटली पायजे' असं एखाद्यानं छाती फुगवून सांगितलं, तर लेकराला पंचफुलाबाईंकडे बिस्किटं खायला पाठवून त्या पुढचा तासभर बापाचा इलाज करतात.

शकूरभाईंनी मान हलवली. "आमच्याकडं गोधडी नाही मॅडम, गादी आहे. अन् गादी धुवत नसतेत. कापूस बसून जाते. उसवा लागते."

"मग कोण उसवतं?"

"मीच."

"रोज?"

"होते तवा. हप्त्यातून पाच डाव समजा. पहाटे फजरची नमाज पढून आलो का उसवतो. ओला कापूस काढतो, कोरडा भरतो, टाके घालतो. तिची शाळेची तयारी होईपर्यंत गादी जशीच्या तशी."

"आणि तिला काय म्हणता?"

"काय म्हनू? काही नाही म्हनत."

"ती काय म्हणते?"

"तीबी काही नाही म्हनत."

मुलीनं, महेजबीननं, बुटाच्या टोकानं गादीचा टाका दाबला. समताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सत्तावीस वर्षांत या प्रश्नाला 'मी' असं उत्तर देणारा बाप त्यांना याआधी एकदाच भेटला होता. आणि ही पोर बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावत असेल, हेही त्यांना दिसत होतं.

"पास झाली पोट्टी," शकूरभाई एकदम म्हणाले. "मुलींच्या निवासी शाळेची परीक्षा असते ना, ते. तालुक्यातून तीन पोरी लागल्या, त्यातली ही एक. सहावीपासून थेट बारावी. एक जुलैले घेऊन बोलावलं. एका हॉलमंदी चाळीस पोरी झोपतेत, मॅडम. चाळीस! तोपर्यंत बंद झालं तं जाइन. नाही तं मी नाव काढून घेतो. माह्या लेकीले चाळीस तोंडं चिडवतीन, ते मी नाही होऊ देनार."

"तुला जायचंय का गं?" समताबाईंनी मुलीला विचारलं.

ती गादीच्या टाक्याकडे बघत म्हणाली, "तिथं मायक्रोस्कोप आहे. खरा."

अकरा आठवडे हातात होते. होईल म्हणावं की नाही म्हणावं? लेकराला तारखेचा शब्द द्यायचा नाही, हे समताबाई फार महागात शिकल्या होत्या.

ते शिकणं अमडापूरचं. त्यांचं माहेर. वडील दयाराम सरकटे मेहकर आगारात कंडक्टर होते. त्यांच्या गाडीचा एक नियम होता, एसटीच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला. लेकराला लागली, की घंटी. मग गाडी पंधरा मिनिटं उशिरा असो, ड्रायव्हर करवादो, पुढच्या सीटवर तहसीलदार बसलेला असो. "पोराची लघवी अन् आगीचा बंब, याईले कोनी थांबवू नाही," असं म्हणून ते स्वतः लेकराला खाली उतरवत आणि ते झाडाआडून येईपर्यंत दारात पाठ करून उभे राहत. लहान समता कितीदा त्या गाडीत होती. पुढे नागपूरला एम.ए. झालं, मुंबईला एका इस्पितळात दोन वर्षं लहान मुलांच्या विभागात काम झालं, पण तिला धंद्याची पहिली दीक्षा त्या घंटीनं दिली होती.

मुंबईहून येताना ती एक तक्ता घेऊन आली. महिन्याचे तीस चौकोन. कोरडी सकाळ झाली की त्या चौकोनात एक चमकती चांदणी चिकटवायची. दहा चांदण्या झाल्या की बक्षीस. मुंबईत तो तक्ता लेकराच्या खोलीत लागायचा.

अमडापुरात गल्लीतल्या केसरबाईंचा प्रसेनजित सात वर्षांचा होता. समताचा तो पहिला पेशंट. तिनं मोठ्या हौसेनं तक्ता दिला आणि म्हणाली, "महिन्यात थांबंल बघ." केसरबाईंच्या घराला खोली एकच, आणि चुना धड असलेली भिंतही एकच, दारासमोरची. तक्ता तिथे लागला. मग यायचे ते लोक आलेच. पीठ मागायला आलेली शेजारीण, मीटरवाला, बचत गटाच्या बाया.

"हे काय वं केसर? दिवाळीचं?"

"नाही वं. पोराचं औषध आहे."

"चांदन्याईचं औषध? कायचं?"

पंधरा दिवसांत शाळेत प्रसेनजितचं नाव चांदणी पडलं. 'ए चांदणी, आज निंघाली का?' सतराव्या दिवशी तो शाळेत जायचा थांबला. समता धावत घरी गेली, तर केसरबाई चुलीपासून उठल्यासुद्धा नाहीत.

"समता, बाई, आमचं मुतनं घरात होतं. तू ते भितीवर नेलं."

एवढंच बोलल्या. पुढच्या वर्षी ते कुटुंब कामाला सुरतकडे गेलं. पुष्कळ वर्षांनी मेहकरच्या स्टँडवर समताबाईंना एक उंच तरुण दिसला होता, तशाच भुवया, कडेवर लहान मूल. त्या दोन पावलं पुढे गेल्या, मग थांबल्या. तो प्रसेनजित असेल तर आपल्याला बघून त्याला काय आठवेल, या विचारानं त्या परत फिरल्या. तो होता की नव्हता, त्यांना आजही माहीत नाही.

त्यानंतर त्यांनी भिंतीवर काही लावलं नाही. आता त्यांच्या टेबलाच्या खणात जिनिंगमधून आणलेल्या सरकीची, म्हणजे कापसाच्या बियांची, थैली असते. आपल्याकडे गुरं खातात तीच सरकी. महेजबीनच्या हातावर त्यांनी एक रिकामी डबी ठेवली आणि मूठभर सरकी.

"कोरडी उठलीस, की एक सरकी डबीत. ओली उठलीस, तर काही नाही. आधीची काढायची नाही. एकदा पडली ती पडली."

"अन् कोनी डबी उघडून पाह्यली तर?"

"तर काय दिसेल?"

महेजबीननं विचार केला. "सरकी."

"मग?"

"मंग काही नाही," ती म्हणाली आणि पहिल्यांदा थोडी हसली.

समताबाईंनी तिला खामगावच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं तेव्हा दुसरी गोष्ट निघाली. पोट कडक होतं. संडासला चार-चार दिवस होत नव्हतं, आणि चड्डीला डाग लागत होते ते ती स्वतःच मोरीत धुऊन लपवत होती. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिची आई शकीला ऐकून रडायलाच लागली. "एवढी मोठी पोरगी, हिले समजत कसं नाही?"

"नाली तुंबली की पाणी कुठून जातं, शकीलाबहन?" समताबाईंनी विचारलं.

"बाजूनं झिरपते."

"तसंच आहे हे. तिला समजतसुद्धा नाही कधी झिरपलं ते. आणि भरलेलं पोट लघवीच्या पिशवीवर बसतं, मग पिशवी रात्रभर धरणार कशी? आधी नाली मोकळी करू. औषध डॉक्टर देतील. पण महेजबीन, मला सांग, शाळेत जातेस का संडासला?"

"नाही."

"का?"

"कुलूप असते."

किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती. वामनराव त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता. त्यांनी समताबाईंना चहा पाजला.

"किल्ली मी स्वतःजवळ ठेवतो, मॅडम. नाहीतर मुली घाण करतात. आता बघा जाऊन, काचेसारखं आहे."

"वर्गांनाही कुलूप लावा, सर. तेही काचेसारखे राहतील."

वामनरावांनी कप खाली ठेवला. "तुम्ही टोमणे मारून राह्यल्या."

"हाव. सर, शाळेत असताना तुम्ही स्वतः किती वेळा जाता?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांगा तर."

"तीनदा. मला शुगर आहे."

"तुम्हाला कुणाकडे किल्ली मागावी लागते?"

वामनरावांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. मग म्हणाले, "कोणत्या मुलीची तक्रार आहे?"

"तक्रार माझी आहे. मुली दोनशे दहा आहेत. त्यातली कोणती, ते तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी किल्ली पाचवीच्या वर्गाबाहेर खिळ्यावर आली. आठवड्यानं कुलूपच निघालं, कारण किल्ली खिळ्यावरून हरवली. कुणी हरवली ते पंचफुलाबाईंच्या त्याच शाळेतल्या नातीला माहीत आहे.

समताबाईंची बाकीची औषधं बघितली तर साधी. दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळनंतर थोडं. सकाळच्या नाष्ट्यानंतर दहा मिनिटं बसायचं, लागलेली असो नसो. एकेकाळी त्यांनी घंटीचं यंत्रही वापरून पाहिलं होतं. ओलं झालं की वाजणारं. "एका खोलीतल्या घरात ते वाजलं की आजी उठते, शेजारी उठतात, बकरी उठते," त्या सांगतात, "फक्त पोरगं उठत नाही."

मे महिना सरता सरता हप्त्यातून पाच ओल्या सकाळींच्या दोन झाल्या. शकूरभाई दर आठवड्याला येत, गादी खांद्यावर घेऊन. टेलरवाला एकदा म्हणालाच, "मॅडमच्या घरात किती खाटा आहे बे?" जूनच्या दहा तारखेला डबीत तीस सरक्या होत्या. महेजबीननं त्या टेबलावर ओतून मोजून दाखवल्या.

मग मलकापूरचं लग्न आलं. शकीलाच्या भावाच्या मुलीचं. नवरीकडच्या पाहुण्यांना एकच मोठी खोली, सतरंज्यांवर रांगेनं पंचवीस बायका-पोरी. महेजबीन दोन्ही रात्री भिंतीला पाठ लावून बसून राहिली. झोपली तर होईल, या भीतीनं झोपलीच नाही. घरी आली ती तापानं फणफणून, आणि पुढचे आठही दिवस गादी ओली. डबीत एकही सरकी पडली नाही.

तेवीस जूनला शकूरभाई आले. गादी खांद्यावर होतीच. ती खाली न टाकता उभ्यानंच त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"नाव काढाचा अर्ज लिहून आनला, मॅडम. हेडमास्तरची सही घेतो अन् पाठवतो. तुमी लय केलं. पन पंचवीसमंदी बसून राह्यली, चाळीसमंदी काय करन? वर्षभर जागीन का?"

समताबाईंनी कागद हातात घेतला. अक्षर महेजबीनचं होतं. बापानं अर्ज तिच्याकडूनच लिहून घेतला होता. 'वैयक्तिक कारणास्तव' हा शब्द तिनं खोडून पुन्हा नीट लिहिला होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "एक विचारू? तुमच्याकडे उन्हाळ्यात किती गाद्या येतात पिंजायला?"

"सीझनले? अडीचशे-तीनशे."

"उसवल्यावर आत काय दिसतं?"

शकूरभाईंचा चेहरा मिटला. गादीवाल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

"कापूस दिसते."

"अजून?"

"मॅडम, आमच्या धंद्यात ते सांगत नसतेत. माह्या बापानं पिंजन हातात द्याच्या पहिले कसम घेतली व्हती. गादीतलं गादीत."

"नावं नका सांगू. मला तर काहीच नका सांगू. एका माणसाला फक्त दाखवा."

शकूरभाईंनी कागद परत मागितला, घडी खिशात घातली, गादी सावरली आणि निघून गेले. पंचफुलाबाईंनी दार लावता लावता विचारलं, "मंग? पोट्टी जाते का नाही?" समताबाईंनी खणातली सरकीची थैली उगाच काढून परत ठेवली. कुणाची तरी कसम आपण पणाला लावायला सांगितली, हे त्यांना टोचत होतं. भिंतीवरचा तक्ता त्यांना आठवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "दुकानात या. मले एकट्याले बोलता येनार नाही तिच्यासंग. कधी बोललोच नाही."

दुकानात मशीन बंद होतं. कापसाचे तंतू उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होते. भिंतीशी पिंजायला आलेल्या गाद्यांची थप्पी होती. शकूरभाईंनी सगळ्यांच्या खोळी आधीच काढून घेतल्या होत्या. कुणाच्या घरचं कापड आहे ते ओळखू येऊ नये म्हणून. आता सगळ्या एकसारख्या मळकट पांढऱ्या. महेजबीन बाकड्यावर बसली होती, ओठ घट्ट. बापानं रागावण्यासाठीच बोलावलंय, असं तिला वाटत असावं. समताबाई दाराजवळच्या पोत्यावर टेकल्या.

शकूरभाईंनी पहिली गादी ओढली, कात्रीनं शिवण उसवली, कापूस दोन्ही हातांनी फाकवला. मधोमध पिवळा, घट्ट, दगडासारखा गोळा.

"हे काय आहे?" त्यांनी लेकीला विचारलं.

महेजबीन बघत राहिली.

दुसरी गादी. कोरी, स्वच्छ. "याच्यात नाही," ते म्हणाले आणि बाजूला सारली. तिसरी. मध्यभागी डाग, कडा तपकिरी. चौथीत नाही. पाचवी मोठी होती, डबलची. तिच्यात एका बाजूला.

महेजबीन बाकड्यावरून उतरली. जवळ येऊन वाकली.

"अब्बा, ही तं मोठ्या मानसाईची गादी आहे."

"हाव."

"मंग?"

"मंग काय? होते."

"कोन झोपते याच्यावर?"

"मले ठाऊक आहे. तुले नाही सांगनार."

"काऊन?"

"उद्या तुही गादी कोनाच्या हातात गेली, तं त्यानंबी नाही सांगावं म्हनून."

महेजबीननं थप्पीकडे पाहिलं. किती होत्या त्या तिनं मोजायला सुरुवात केली, मग मोजता मोजता थांबली. "सगळ्या गावाच्या येतेत तुमच्याकडं?"

"गावाच्या, खेड्याच्या. तीनात एक अशी असतेच. कधी दोनात एक. चाळीस पोरी म्हनतो ना मी? मॅडम, माह्या डोस्क्यातच नाही आलं. चाळीस पोरीत आपलीच एक असन कसं?" ते हातातला पिवळा गोळा कुस्करत होते, जणू तो मऊ झाल्यावरच पुढचं बोलता येणार होतं. "अन् एक गादी अशी व्हती, बेटा, ते आता नाही राह्यली. तुह्या दादाजीनं ते स्वतः उसवली नाही कधी. माह्या हातानं उसवाले लावे, बाहीर ओट्यावर, येनाऱ्या-जानाऱ्यापुढं. तेरा वर्साचा होईपर्यंत."

महेजबीननं बापाच्या हातातल्या गोळ्याकडे पाहिलं.

"तुमची?" तिनं विचारलं.

"माही."

"म्हनून तुमी सकाळी सकाळी उसवता? कोनी पाहू नाही म्हनून?"

"अजून काऊन उसवीन?"

"मले वाटे तुमाले घिन येते. म्हनून बोलत नाही."

शकूरभाईंनी लेकीच्या डोक्यावरचा कापूस झटकला आणि झटकतच राहिले. समताबाई उठल्या, चपला घातल्या आणि कुणाला न सांगता बाहेर पडल्या.

अर्ज गेला नाही. तो प्रश्नच महेजबीननं मिटवला. "मी जाते," ती म्हणाली. "झालं तं धुइन. पन गादी धुवता येत नाही ना, तेवढं पाहा तुमी." मग चार दिवस गादीवाल्याचं डोकं त्या एका गादीत होतं. त्यांनी तिचे तीन तुकडे केले, नाड्यांनी एकमेकांना बांधलेले. डोक्याचा आणि पायांचा कापसाचा. मधल्यात कापूसच नाही, जुन्या सुती लुगड्यांचे थर, वरून आडवे-उभे टाके, गोधडीसारखे. धुतला की दोन तासांत वाळणारा. वर गडद निळी छापील खोळ. बांधली की कुणालाही अख्खी गादी वाटावी.

"पंचेचाळीस वर्सं गाद्या शिवतो," ते समताबाईंना म्हणाले, "हे पहिले काऊन नाही सुचलं?"

एक जुलैला बाप-लेक गेले. गादी, पत्र्याची पेटी, आणि पेटीत सरकीची डबी.

दुसऱ्या सोमवारी दुपारी पंचफुलाबाई दारातूनच ओरडल्या, "मॅडम, गादीवाले आले. पन गादी नाही आनली!"

शकूरभाई रिकाम्या खांद्यानं आले होते. टेलरच्या दुकानाकडे न बघता आत येऊन ते खुर्चीवर बसले. वसतिगृहातून रविवारी पाच मिनिटं फोन करू देतात. लेकीचा आला होता.

"झालं का?" समताबाईंनी विचारलं.

"झालं. सात दिवसांत दोन डाव. पाच नव्या सरक्या पडल्या डबीत."

"परत यायचं म्हणाली?"

"नाही. मायक्रोस्कोपमंदी कांद्याचा पापुद्रा पाह्यला, तेच सांगत व्हती."

समताबाईंनी मग नेहमीचा प्रश्न विचारला.

"गोधडी कोणी धुतली?"

"तिनं. मधला तुकडा सोडला अन् हौदावर धुतला. वाळू घालाले दोघी व्हत्या."

"दुसरी कोण?"

"मीबी तेच इचारलं. दुसरी म्हने तिची चादर घेऊन आली व्हती धुवाले, तिची गादी अख्खी, ते धुवता येत नाही. म्या म्हटलं, कोन आहे वं ते? नाव काय?" शकूरभाईंनी डोळे पुसले आणि हसले. "तं मले म्हनते, अब्बा, ते सांगत नसतेत."

पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. शकूरभाईंनी कप घेतला, फुंकर मारली.

"येत्या ऐतवारी भेटाले जातो, मॅडम. त्या दुसरीसाठी तशीच तीन तुकड्याची गादी शिवून नेतो. वयानं तेवढीच असन, माप तेच ठेवतो."

"खोळ?" समताबाईंनी विचारलं.

"निळीच. म्हंजे कोनाची कोनती ते समजत नाही."